लॅपटॉप थिएटरच्या प्रोजेक्टरला जोडायचाय? यूएसबीबद्दल आधी हे वाचा

"लॅपटॉप घेऊन येतो. यूएसबी केबल लावली की पडद्यावर दिसेल ना?" थिएटर भाड्यानं घेणाऱ्यांना चित्र आणि आवाज जोडून द्यायचं काम आम्ही करतो, आणि ग्राहकांचा पहिला फोन बहुतेक वेळा याच प्रश्नाचा असतो. कुणाच्या शॉर्टफिल्मचा पहिला खेळ असतो, कुणाचा कंपनीचा वार्षिक कार्यक्रम, कुणाचं शाळेच्या बॅचचं स्नेहसंमेलन. उत्तर एकच आहे: नाही दिसणार. हे कार्यक्रमाच्या दिवशी, पाहुणे खुर्च्यांवर बसल्यावर कळू नये, म्हणून हे माहितीपत्रक.

गैरसमज होतो तो ऑफिसमधल्या प्रोजेक्टरमुळे. एप्सनच्या काही मॉडेलमध्ये 'यूएसबी डिस्प्ले' नावाची सोय असते. लॅपटॉपमध्ये एक छोटा प्रोग्रॅम बसतो आणि स्क्रीनवरचं चित्र यूएसबीतून पाठवतो. प्रेझेंटेशनला तेवढं पुरतं. थिएटरमधलं मशीन वेगळ्या जातीचं असतं. हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंनी २००२ साली डीसीआय नावाची संस्था काढली आणि २००५ मध्ये डिजिटल सिनेमाचे पहिले नियम ठरवले. त्यात चित्राच्या दर्जाइतकीच काळजी चोरीची होती. क्रिस्टी, बार्को, एनईसी अशा डीसीआय प्रोजेक्टरांवर किंवा त्यांच्या सर्व्हरवर (सिनेमा साठवून चालवणारं यंत्र) यूएसबी पोर्ट दिसतं ते फाइली आत घेण्यासाठी. हार्डडिस्क लावायची, सिनेमा सर्व्हरमध्ये उतरवून घ्यायचा, तो कुलूपबंद असेल तर पेनड्राइव्हमधून त्याची डिजिटल किल्ली भरायची. लॅपटॉपचं चित्र त्या वाटेनं आत जात नाही.

एक कळकळीची विनंती. दोन्ही टोकांना सारखीच चपटी पिन असलेली यूएसबी केबल बाजारात मिळते. ती लॅपटॉप आणि सर्व्हर यांच्यात लावू नका. दोन्ही यंत्रं पाच-पाच व्होल्ट बाहेर टाकणारी असतात, ते प्रवाह समोरासमोर आले तर पोर्ट जळू शकतं. तसंच प्रोजेक्टरचं झाकण कुणालाही उघडू देऊ नका. प्रोजेक्टर आणि आतला मीडिया ब्लॉक (सिनेमाची फाइल उलगडून चित्र देणारं कार्ड) यांची सुरक्षेसाठी जोडी लावलेली असते, आमच्या धंद्यात त्याला 'मॅरेज'च म्हणतात. ती तुटली तर अधिकृत माणूस येऊन पुन्हा जोडेपर्यंत कुलूपबंद सिनेमे चालत नाहीत, आणि थिएटरचे पुढचे खेळ अडकतात.

<b>मग लॅपटॉप जोडायचा कसा?</b>

एचडीएमआयनं. नव्या मीडिया ब्लॉकवर एचडीएमआय इनपुट असतं. जुन्या प्रोजेक्टरवर डीव्हीआय असतं, तिथे बऱ्याचदा मध्ये स्केलर, म्हणजे चित्राचा आकार जुळवून देणारं यंत्र, लावावा लागतो. ऑपरेटरनं त्या इनपुटचं सेटिंग आधी करून ठेवलेलं असलं पाहिजे. लॅपटॉपवर १९२० × १०८० ठेवा. प्रोजेक्टरचा टू-के पॅनल २०४८ × १०८० असतो, त्यामुळे दोन्ही बाजूंना ६४-६४ पिक्सेलची काळी पट्टी राहते. तो बिघाड नाही. चित्र ताणून ती भरायला सांगू नका, माणसांचे चेहरे रुंद दिसतात.

आता टाइप-सीचं प्रकरण. हल्लीच्या पातळ लॅपटॉपला एचडीएमआय नसतं, म्हणून लोक पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून टाइप-सी ते एचडीएमआय अडॅप्टर घेतात. अडॅप्टर चांगला असतो, पण कधी कधी लॅपटॉपचं पोर्टच चित्र बाहेर देणारं नसतं. टाइप-सीचा आकार सारखा असला तरी काही पोर्ट फक्त चार्जिंग आणि डेटापुरतीच असतात. गेल्या वर्षी एका शॉर्टफिल्मच्या वेळी आम्ही तीन अडॅप्टर बदलले, पडदा काळाच. शेवटी लक्षात आलं की लॅपटॉपच्या डाव्या बाजूचं पोर्ट तसलं होतं. उजवीकडच्यात पिन घातली आणि चित्र आलं. पंचवीस मिनिटं त्यात गेली, आणि फिल्म करणाऱ्या मुलीचे आईवडील पहिल्या रांगेत बसून होते. तेव्हापासून आम्ही एकच सांगतो: अडॅप्टर घरच्या टीव्हीला लावून पाहा. तिथे चित्र आलं तर अर्धं काम झालं.

लॅपटॉप स्टेजवर ठेवायचा असेल तर केबल प्रोजेक्टरच्या केबिनपर्यंत न्यावी लागते. साधी एचडीएमआय दहा-पंधरा मीटरपुढे भरवशाची राहत नाही. आम्ही फायबरची वापरतो. तिला दिशा असते, उलटी लावली तर चित्र येत नाही.

आवाजाचं गणित वेगळं. डीव्हीआयमधून आवाज येत नाही. एचडीएमआयमधून येतो, पण तो साउंड प्रोसेसरपर्यंत, म्हणजे थिएटरच्या स्पीकरना आवाज वाटून देणाऱ्या यंत्रापर्यंत, पोचायला हवा. कुठलीच डिजिटल वाट नसेल तर हेडफोनच्या भोकातून तार काढून 'नॉन-सिंक' इनपुटला द्यावी लागते, म्हणजे इंटरव्हलची गाणी जिथून वाजतात तिथे. साधा स्टिरिओ तसाच सोडला तर मधला स्पीकर गप्प राहतो आणि कडेला बसलेल्यांना संवाद त्यांच्याच बाजूच्या स्पीकरमधून ऐकू येतात. म्हणून ऑपरेटरला प्रोसेसरवर योग्य मोड लावायला सांगा. तार जोडल्यावर 'घूंऽऽ' असा आवाज आला तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. घरघर थांबली तर दोष अर्थिंगचा. आम्ही त्यासाठी आयसोलेटर, म्हणजे ही घरघर अडवणारी डबी, बरोबर आणतो.

ओटीटीवरचा सिनेमा लॅपटॉपमधून लावायचा विचार असेल तर तो सोडा. कॉपी-प्रतिबंधामुळे पडदा बऱ्याचदा काळा पडतो, आणि चित्र आलं तरी थिएटरमध्ये दाखवायची परवानगी तुमच्या सबस्क्रिप्शनमध्ये नसते.

<b>यूएसबीचा खरा उपयोग: डीसीपी</b>

तुमची फिल्म दहा मिनिटांची असली तरी आमचं मत स्पष्ट आहे: डीसीपी (डिजिटल सिनेमा पॅकेज, म्हणजे थिएटरच्या सर्व्हरला चालणारा फिल्मच्या फाइलींचा संच) करून घ्या. लॉ कॉलेज रोडच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून आलेल्यांना हे ठाऊक असतं, बाकीच्यांना सांगावं लागतं. लॅपटॉपवरची सेकंदाला २४ फ्रेमची फिल्म ६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० चित्रांच्या) आउटपुटमधून गेली की कॅमेरा आडवा फिरताना चित्र अडखळतं. दोन वर्षं खपून केलेल्या फिल्मचं असं होऊ नये. डीसीपी सर्व्हरवरून चालतं, त्यामुळे मध्येच बॅटरीची सूचना किंवा कुणाचा मेसेज पडद्यावर येत नाही.

डीसीपीत चित्राचा वेग सेकंदाला जास्तीत जास्त २५० मेगाबिट असतो. म्हणजे १५ मिनिटांच्या फिल्मच्या चित्राला फार तर २८ जीबीच्या आसपास लागतात. जुन्या यूएसबी २.० पोर्टवरून तेवढं उतरायला साधारण पाव तास, पूर्ण लांबीच्या सिनेमाला दीड-दोन तास. म्हणून डिस्क खेळाच्या दहा मिनिटं आधी आणून चालत नाही.

डिस्क ईएक्सटी-२ किंवा ईएक्सटी-३ पद्धतीनं फॉरमॅट केलेली हवी. काही सर्व्हर एनटीएफएस वाचतात, काही नाही. फॅट-३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, त्यामुळे चित्राची फाइल तिथेच अडते. मॅकवर फॉरमॅट केलेली डिस्क बहुतेक सर्व्हर ओळखतच नाही. फिल्म कुलूपबंद असेल तर केडीएम ही किल्ली त्या एका सर्व्हरसाठी आणि ठरावीक तारीख-वेळेसाठीच बनते. थिएटरनं ऐनवेळी स्क्रीन बदलली तर जुनी किल्ली चालत नाही. छोट्या खासगी खेळाला कुलूप न लावलेलंच बरं.

बुकिंग करताना आम्हाला थिएटरचं नाव, स्क्रीनचा नंबर, फिल्मची लांबी, फ्रेमरेट आणि लॅपटॉपचं मॉडेल कळवा. प्रोजेक्टर आणि सर्व्हर कोणता आहे हे आम्ही ऑपरेटरला विचारून घेतो. चाचणी आदल्या दिवशी सकाळच्या पहिल्या खेळाआधी होते, तेव्हा केबिन मोकळी असते. चाचणीला जो लॅपटॉप आणाल तोच, त्याच चार्जर आणि अडॅप्टरसह, कार्यक्रमालाही आणा.