सतराचं गणित आणि गल्लीतले फलक

ऑक्टोबर संपत आला की आमच्या बेळगावात मोबाईल जरा जास्तच वाजतात. १ नोव्हेंबरचा काळा दिवस तोंडावर आलेला असतो आणि कुणाची ना कुणाची पोस्ट उडालेली असते. मागं एकदा गल्लीतल्या एका पोराचं खातंच आठ दिवस बंद पडलं. कारण कुणी सांगितलं नाही. तो माझ्याकडं आला, "सर, एक नेटवर्क निघालंय म्हणे, त्याला मालकच नाही. सरकारलासुद्धा बंद करता येत नाही. सगळी तिकडंच जाऊया की!"

म्हटलं, बस. वही काढ.

अशा बिनमालकी, म्हणजे विकेंद्रित, नेटवर्कांचे प्रकार आहेत. २०१६ साली आलेल्या मॅस्टोडॉनला मालक नाही असं नव्हे, मालक पुष्कळ आहेत. हजारो सर्व्हर ईमेलसारखे एकमेकांशी बोलतात. पण तुमचं खातं त्यातल्या एकाच सर्व्हरवर असतं. तो चालवणारा कंटाळून एके दिवशी बंद करून गेला, की खातंही गेलं. २०२० साली आलेल्या नॉस्टरनं मात्र खातं हा प्रकारच काढून टाकला, आणि माझा जीव अडकलाय तो तिथं.

आपल्या मंडळांचे फलक आठवा. एकच मजकूर शनिवार खूट, गणपत गल्ली आणि वडगावच्या फलकांवर लिहिला, तर एक पुसला तरी दोन उरतात. नॉस्टरमध्ये या फलकांना रिले म्हणतात. रिले कुणीही चालवावा. पण मग तुमच्या नावानं दुसऱ्यानंच काही खरडलं तर? तिथं सही लागते, आणि ही सही म्हणजे निव्वळ गणित.

३ पासून सुरुवात करा. दर पायरीला ३ नं गुणा, १७ च्या वर गेलं की १७ नं भागून फक्त बाकी ठेवा: ३, ९, १०, १३, ५, १५, ११, १६, १४, ८, ७... अकराव्या पायरीवर ७ आला. तुमचा गुप्त आकडा ११, जगाला सांगायचा ७. खात्याऐवजी हा ७ हीच तुमची ओळख. अकरावरून सात काढणं सोपं. सातवरून अकरा शोधायला मात्र पायऱ्या चढून बघाव्या लागतात. इथं पायऱ्या १६ च आहेत, प्रत्यक्षात त्यांची संख्या ७८ अंकी असते (आणि तिथं हा खेळ वक्ररेषेवरच्या बिंदूंवर चालतो, ते असो).

आता सही. दर पोस्टला एक नवा आकडा मनात धरा, समजा ४. चौथी पायरी १३. हा १३ आणि पोस्टचा मजकूर एका ठरलेल्या सूत्रात घातला की एक ठसा निघतो. मजकुरातला एक काना बदलला तरी ठसा बदलतो. समजा तो २ आला. मग ४ + २ × ११ = २६. सोळा पायऱ्यांनी चक्र पुन्हा सुरू होतं, म्हणून १६ वजा करा, उरले १०. सही झाली: १३ आणि १०.

तपासणारा दहावी पायरी बघतो: ८. मग १३ ला ७ नं दोनदा गुणतो, कारण ठसा २ आहे. आले ६३७, १७ नं भागून बाकी ८. जुळलं! आणि ११ कुणालाच कळला नाही. क्लाउस श्नोर या जर्मन गणितज्ञाची ही युक्ती मी वर्गात शिकवायचो तेव्हा दरवेळी अंगावर काटा यायचा. पोरगा एव्हाना चहावरची साय बघत होता.

सही जुळली म्हणजे मजकूर खरा, असं मात्र नाही. गोमूत्राच्या गुणांचा फॉरवर्ड सही करून पाठवला तरी तो फॉरवर्डच. आणि विकेंद्रित हा शब्द ऐकवून कुणी दामदुप्पट नाणी विकायला आला तर त्याला दारातूनच वाटेला लावा.

मग लोक जातील का तिकडं? २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं, तेव्हा पुष्कळ भारतीय रागानं मॅस्टोडॉनवर गेले. बहुतेक परतही आले. कारण कोल्हापूरची मावशी तिथं नव्हती. सगळे फलक पुसता येत नसले तरी फलकांकडं जाणारा रस्ता अडवता येतो: फेब्रुवारी २०२३ मध्ये डॅमस हे नॉस्टरचं ॲप चीनमधल्या ॲप स्टोअरवरून काही दिवसांतच काढायला लावलं गेलं. टॉवरच बंद केले तर श्नोर काय करणार? मला वाटतं, ही गोष्ट आलीच तर मागच्या दारानं येईल, २०२४ मध्ये इन्स्टाग्रामवाल्यांच्या थ्रेड्सनं मॅस्टोडॉनच्या भाषेशी थोडी सोयरीक केली तशी. वापरणाऱ्याला पत्ताही लागणार नाही.

"खरं सर," पोरगा उठताना म्हणाला, "तो अकरा विसरला तर?"

"तर संपलं. पासवर्ड विसरलात का, असं विचारणारं तिथं कुणी नाही."

तो गेल्यावर कप उचलायला गेलो. खाली वहीचं पान होतं, त्यावर मोठ्या अक्षरात: गुप्त आकडा ११.