पेंड, चुनी आणि जनावराचे पोट

धार काढायला बसण्याआधी गाई-म्हशीपुढे आंबोणाची पाटी सरकवायची, ही आपल्याकडची जुनी रीत. पाटीत असे ते घाण्यावरची शेंगदाण्याची किंवा करडईची पेंड, सरकी, डाळ भरडताना निघालेली चुनी आणि गव्हाचा कोंडा. तेल आणि डाळ माणसाने घ्यायची, मागे उरेल ते दावणीला.

हे सगळे दुधासाठी दिले जाई. पोटाशी असलेले त्याचे नाते विसाव्या शतकात नीट उलगडले. रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोठीपोटात अब्जावधी सूक्ष्मजीव तंतुमय चारा आंबवतात. त्यातून ॲसेटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक आम्ले तयार होतात आणि जनावराची बहुतेक ऊर्जा त्यांतूनच येते. गव्हाणीतला घास आधी या जिवांच्या वाट्याला जातो, मग गाईच्या. म्हणूनच नुसते धान्य भरपूर घातले की पोटात आम्ल साचते आणि जनावर वैरण सोडते.

हे ज्ञान रुजत होते त्याच सुमारास पशुखाद्याचा धंदा दुसऱ्याच वाटेला लागला. १९४०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत लेडर्ली कंपनीचे थॉमस ज्युक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड कोंबडीच्या पिल्लांसाठी बी१२ जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक तयार करताना उरलेला चोथा त्यांनी पिल्लांना घातला. पिल्ले अपेक्षेपेक्षा झपाट्याने वाढली, कारण चोथ्यात औषधाचा अंश होता. १९५१ साली अमेरिकेने खाद्यात प्रतिजैविके घालायला मान्यता दिली आणि पुढे जगभर तीच पद्धत पडली.

धोक्याची घंटा लवकरच वाजली: सतत औषध मिळत राहिले की जिवाणू त्याला दाद देईनासे होतात. माणसांवर वापरायची औषधे वाढीसाठी जनावरांना देऊ नयेत, असे ब्रिटनच्या स्वान समितीने १९६९ मध्ये सांगितले. स्वीडनने १९८६ मध्ये वाढीसाठी प्रतिजैविके देण्यावर बंदी घातली, तर संपूर्ण युरोपीय संघात ती १ जानेवारी २००६ पासून लागू झाली. भारताने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिन या प्रतिजैविकाचा वापर बंद केला.

औषध गेले, पण अडचण राहिली. आईपासून तोडलेल्या डुकराच्या पिल्लांना हगवण लागे, आणि बंदीनंतर डेन्मार्कमध्ये ती वाढली. तेव्हा लक्ष पुन्हा चोथ्याकडे वळले. बीटपासून साखर काढल्यावर उरणारा पेक्टिनयुक्त (विरघळणारा तंतू असलेला) चोथा, गव्हाचा कोंडा, ओटची टरफले. यांतला जो भाग लहान आतड्यात पचत नाही, तो मोठ्या आतड्यात आंबतो, आणि त्यातून मिळणारे ब्युटिरिक आम्ल आतड्याच्या अस्तराचे पोषण करते. ओटच्या टरफलांमुळे कोंबडीची पेषणीही (दाणे दळणारे स्नायूंचे पोट) मजबूत होते. हितकर जिवाणूंना पोसणाऱ्या अशा अन्नघटकांना ‘प्रीबायोटिक’ हे नाव १९९५ मध्ये मिळाले.

या सगळ्या प्रवासात मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ते १९६० साल. त्या वर्षी इंग्लंडमध्ये लाखावर टर्की पक्षी पटापट मेले. रोग कुठला हे कळेना, म्हणून त्याला ‘टर्की एक्स’ म्हटले गेले. शोध घेता घेता माग ब्राझीलमधून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत पोहोचला. तिच्यावर बुरशी चढली होती आणि बुरशीचे विष होते अफ्लाटॉक्सिन. म्हणजे आपल्या आंबोणात पिढ्यान्पिढ्या असलेला हाच जिन्नस ओल लागताच विषारी होऊ शकतो.

प्रत्येक उरलेल्या वस्तूची खोड वेगळी असते. सरकीतले गॉसिपॉल हे विषारी द्रव्य प्रौढ गाईच्या कोठीपोटात बरेचसे निष्प्रभ होते, कोंबडीच्या आणि डुकराच्या पोटात तसे होत नाही. उसाच्या वाढ्यांत ऑक्झॅलेट असते. ते कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून कारखान्याच्या परिसरात हंगामभर केवळ वाढ्यांवर ठेवलेल्या दुभत्या जनावराला कॅल्शियम कमी पडते. अफ्लाटॉक्सिन मात्र गाईच्या यकृतात रूप बदलते, एम१ होऊन दुधात उतरते, आणि दूध उकळले तरी नाहीसे होत नाही.