ग्लिसरीनची उलटी वाट

निफाडला पारा उतरला की नाशिककडे घरोघरी ग्लिसरीनची बाटली बाहेर निघते, फुटलेल्या ओठांसाठी. बायोडिझेलच्या कारखान्यात मात्र हेच ग्लिसरीन नकोसं होतं. वडे-भजी तळून काळं पडलेलं तेल मिथेनॉलबरोबर अभिक्रियेत घातलं, की 100 किलो बायोडिझेलमागे सुमारे 10 किलो ग्लिसरीन तळाशी बसतं. तेही मळकट, साबण, क्षार आणि उरलेलं मिथेनॉल पोटात घेऊन. शुद्ध करायचं तर खर्च परवडत नाही.

गंमत म्हणजे ही कहाणी सुरू झाली ती उलट्या टोकाकडून. पहिल्या महायुद्धात जर्मनीला स्फोटकांसाठी ग्लिसरीन हवं होतं. ते यायचं साबणाच्या कारखान्यांतून, आणि नाकेबंदीमुळे चरबी मिळेना. यीस्ट साखर आंबवून अल्कोहोल करतं, हे सगळ्यांना ठाऊक. त्यात सल्फाइट मिसळलं, तर अल्कोहोलच्या आधीची पायरी असलेलं ॲसिटाल्डिहाइड अडकून पडतं आणि यीस्टला दुसरी वाट धरावी लागते, ग्लिसरीनची. या पद्धतीने तिथे महिन्याला सुमारे 1000 टन ग्लिसरीन निघत होतं. म्हणजे तेव्हा साखर खर्चून ग्लिसरीन करत होते.

जिवाणू ग्लिसरीन खाऊन वेगळंच काही बनवतात, हे तर त्याहून जुनं. रसायनशास्त्रज्ञ ऑगस्ट फ्रॉइंड यांना 1881 मध्ये आंबलेल्या ग्लिसरीनमध्ये 1,3-प्रोपेनडायॉल हे रसायन सापडलं. आज ते गालिच्यांच्या पॉलिस्टरसाठी लागतं, पण तेव्हा त्याला गिऱ्हाईक नव्हतं. शंभरेक वर्षं ही माहिती पडून राहिली.

2000 नंतर युरोप-अमेरिकेत बायोडिझेल वाढलं आणि ग्लिसरीनचे भाव कोसळले. मग जुनी माहिती पुन्हा वर आली. साखरेपेक्षा ग्लिसरीनमध्ये दर कार्बन अणूमागे देता येण्याजोगे इलेक्ट्रॉन जास्त, म्हणून जिवाणूंना प्रोपेनडायॉल किंवा सक्सिनिक आम्लासारखी रसायनं बनवणं सोपं जातं. ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूला हवेशिवाय ग्लिसरीन आंबवता येत नाही, हा समजही 2006 च्या सुमारास मोडला.

आपल्याकडे 2009 च्या धोरणाने 2017 पर्यंत 20 टक्के जैवइंधन मिसळायचं ठरवलं होतं. जट्रोफा या झुडपाच्या बियांच्या तेलाचं बायोडिझेल काही तिथवर पोचलं नाही. इथेनॉल, म्हणजे मळीपासूनही निघणारं अल्कोहोल, पुढे गेलं. त्यामुळे माझ्या मते नाशिकच्या ऊसपट्ट्यात पहिला प्रश्न ग्लिसरीनचा नाहीच, मळीचा आहे. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढलं की 8 ते 15 लिटर स्पेंटवॉश उरतं: गडद तपकिरी, उग्र वासाचं. त्यातून जिवाणूंकडून बायोगॅस करून घेणं आसवन्यांना आता सवयीचं आहे. त्यापुढे जाऊन त्यातून महाग रसायन काढायचं, तर तो तपकिरी रंगच आडवा येतो. तो देणारी मेलॅनॉइडिन बहुतेक जिवाणूंना पचत नाहीत.