स्वादुपिंडातली बेटं वेचणारा माणूस

मे महिन्यात वर्धा-यवतमाळकडे पारा ४५ अंशांवर जातो आणि खेड्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. घरात टाइप १ मधुमेहाचं लेकरू असेल, तर इन्सुलिनची बाटली मडक्यात ठेवावी लागते. एका मडक्यात दुसरं, मधे ओली रेती, वर ओलं फडकं. आपल्याकडचं ऊन कोरडं असल्यानं पाणी झपाट्यानं उडतं आणि आतली बाटली गार राहते. पद्धत चांगली आहे, पाणी शिंपायला मात्र विसरायचं नाही.

मोठ्या माणसांच्या ‘शुगर’मध्ये बहुधा इन्सुलिन बनतं, पण पुरं पडत नाही. या मुलांमध्ये ते बनवणाऱ्या बीटा पेशी शरीराच्याच प्रतिकारशक्तीनं मारलेल्या असतात. मग त्या पेशीच परत दिल्या तर? अमेरिकेतल्या पॉल लेसी (१९२४–२००५) यांनी आपलं संशोधन याच पेशींना वाहिलं.

जर्मनीच्या पॉल लँगरहान्स यांनी १८६९ मध्ये स्वादुपिंडात पेशींचे वेगळे पुंजके पाहिले होते. त्यांनाच आज लँगरहान्सची बेटं म्हणतात, आणि बीटा पेशी याच बेटांत असतात. माणसात ती दहा लाखांच्या आसपास असली, तरी सगळी मिळून स्वादुपिंडाच्या वजनाचा एक-दोन टक्केच भाग भरतात. उरलेला जवळपास सगळा अवयव पाचकरस बनवतो. त्यामुळे बेटांचा अभ्यास करायचा, तर आधी ती बाहेर काढायला हवीत, आणि घोडं तिथंच अडलं होतं.

सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात लेसी आणि मेरी कोस्तियानोव्स्की यांनी १९६७ मध्ये उंदरांवर यासाठी एक रीत बसवली. मला ही रीत फार आवडते, कारण त्यात हाताची करामत आहे. आधी पाचकरस वाहून नेणाऱ्या नलिकेतून मिठाचं द्रावण सोडून स्वादुपिंड फुगवायचं, म्हणजे आतली वीण सैल होते. मग त्याचे बारीक तुकडे करून कोलॅजिनेज या विकरात हलवायचे. पेशींना बांधून ठेवणारे चिवट धागे विरघळतात आणि बेटं सुटी होतात. जिनिंगमध्ये सरकी आणि रुई वेगळी व्हावी तसंच हे. वेळेचं गणित मात्र नाजूक असतं: कमी हलवलं तर बेटं अडकून राहतात, जास्त हलवलं तर बेटंच विरघळतात.

बेटं हाती आल्यावर बीटा पेशी इन्सुलिन बाहेर कशी सोडते, हे तपासता आलं. पेशीतल्या सूक्ष्मनलिका इन्सुलिनचे कण कडेला नेण्यात भाग घेत असाव्यात, असं लेसींच्या गटानं १९६८ मध्ये मांडलं. आधार होता कोल्चिसिनचा. या औषधानं सूक्ष्मनलिका मोडतात, आणि त्या मोडल्या की इन्सुलिनचं स्रवणही घटतं. पावसाळ्यात आपल्या जंगलात फुलणाऱ्या कळलावीच्या कंदात हेच विषारी रसायन असतं.

पुढचा टप्पा रोपणाचा. मधुमेही उंदरांत बेटं सोडली, तेव्हा त्यांची साखर उतरली. बेटं ठेवायची कुठं, यालाही १९७३ च्या प्रयोगांनी अनपेक्षित उत्तर दिलं: यकृतात. आतड्याकडून यकृताकडे जाणाऱ्या शिरेत बेटं सोडली की ती यकृतात रुजतात, रक्त मिळवतात आणि कामाला लागतात. स्वादुपिंडाला हातही लावावा लागत नाही. माणसांवर प्रयोग झाले, पण यश तुटपुंजं होतं. २००० मध्ये कॅनडातल्या एडमंटन इथं सात रुग्णांची इन्सुलिनची इंजेक्शनं थांबली, तेव्हा लेसी हयात होते. हे त्यांच्या वाट्याला आलं, याचं मला मनापासून समाधान वाटतं.

तरी मृत दात्यांची स्वादुपिंडं मोजकीच मिळतात, आणि एका रुग्णाला बहुधा एकाहून जास्त लागतात. त्यामुळे आता मूळ पेशींपासून, म्हणजे ज्यांतून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी घडवता येतात अशा स्टेम सेलपासून, बेटं तयार केली जात आहेत. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ पैकी १० रुग्णांना वर्षभरानंतर इन्सुलिन लागत नव्हतं. पण परक्या पेशी टिकवायला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेत राहावं लागतं. त्यांनी जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, रक्ताच्या तपासण्याही वारंवार कराव्या लागतात. तालुक्याच्या गावापासून लांब राहणाऱ्या मुलासाठी हा सौदा आज परवडणारा नाही. म्हणून या औषधांवाचून टिकतील अशा पेशी घडवण्याकडे आता प्रयोगशाळांचं लक्ष लागलं आहे.