एका रेघेचा चहा

चीनला जाऊन आलेल्या मैत्रिणीने माझ्यासाठी चहाचा पत्र्याचा डबा आणला. झाकणावर एकच मोठं काळं अक्षर, आणि आत त्या अक्षराची ओळख करून देणारी चिठ्ठी. वर गवत, खाली झाड, मधे माणूस. निसर्गाच्या कुशीत विसावलेला माणूस म्हणजे चहा! हाच मजकूर 'प्राचीन चिनी ज्ञान' अशा मथळ्याखाली मला फोनवरही येऊन गेला होता. कल्पना गोड आहे, पण खरी नाही. आणि खरी गोष्ट तिच्याहून कितीतरी रंगतदार आहे.

कागद-पेन घेऊन ते अक्षर काढून बघा. आधी एक आडवी रेघ, तिला छेदणाऱ्या दोन छोट्या उभ्या रेघा. हे गवताचं चिन्ह. त्याखाली छपरासारख्या दोन तिरक्या रेघा. छपराखाली एक आडवी, एक उभी आणि दोन्ही बाजूंना दोन लहान फराटे. एकूण ९ रेघा. छपरासारखा भाग 'माणूस' या चिनी अक्षरासारखा दिसतो आणि खालचा 'झाड' या अक्षरासारखा, म्हणून ती गोष्ट जुळून येते.

पण आठव्या शतकाच्या आधीचं लिखाण पाहिलं तर तिथे ९ रेघांचं हे अक्षरच सहसा भेटत नाही. भेटतं ते १० रेघांचं, खाली एक आडवी रेघ जास्त असलेलं. त्याचा आजचा उच्चार 'थू'. इ.स. १०० मध्ये शू शेन या पंडिताने पूर्ण केलेल्या कोशात त्याचा अर्थ 'कडू वनस्पती' असा आहे आणि घडणही दिली आहे: गवताचं चिन्ह, अधिक 'यू' हा आवाज. म्हणजे छपरापासून खालचा सगळा भाग मिळून एकच अक्षर होतं, 'यू'. त्यात ना माणूस, ना झाड. चहा हीही एक कडू पानंच, म्हणून तेच अक्षर चहालाही चालायचं. तांग राजवटीत चहा घरोघरी पोचला तेव्हा गोंधळ टाळण्यासाठी एक रेघ कमी झाली आणि चहाला स्वतःचं अक्षर मिळालं. त्याच आठव्या शतकात चहावर पहिला मोठा ग्रंथ लिहिणाऱ्या लू यूनेही नोंदवून ठेवलं आहे की हे अक्षर कोणी गवताचं चिन्ह देऊन लिहितं, कोणी लाकडाचं, कोणी दोन्ही देऊन.

चिनी लिपी म्हणजे चित्रं, हा आपल्याकडचा पक्का समज. प्रत्यक्षात ८० टक्क्यांहून अधिक अक्षरं अशीच जोडलेली आहेत: एक भाग अर्थाची दिशा दाखवतो, दुसरा उच्चाराची. पण मग 'यू', 'थू' आणि चहाचा 'छा' यांत साम्य कुठे आहे? आज नाही. पूर्वी होतं.

भाषाशास्त्रज्ञांच्या पुनर्रचनेप्रमाणे अडीच हजार वर्षांपूर्वी हे तिन्ही शब्द 'ला'च्या जवळपासचे होते. एका शब्दात त्या 'ल'चा 'य' झाला. दुसऱ्यात 'ल'चा 'द' झाला आणि पुढे 'थ'. तिसऱ्यात 'ल'ला 'र' चिकटलेला होता. संस्कृतच्या तासाला 'रामेन' नव्हे, 'रामेण' असं घोकून घेतलेलं आठवतं? 'र' जीभेला मागे वळवतो आणि पुढच्या 'न'चा 'ण' करून टाकतो. चिनीतही 'र'ने जीभ वळवली आणि चहाचा शब्द सुरू होऊ लागला 'ड'ने. आपल्या टवर्गातल्या 'ड'ने!

याला पुरावा काय? पुरावा संस्कृतचाच आहे. बौद्ध ग्रंथ चिनीत नेताना संस्कृत शब्द आवाजाबरहुकूम लिहावे लागत. १९३१ साली लुओ छांगपेइ या भाषाशास्त्रज्ञाने ती लिप्यंतरं तपासली आणि दाखवून दिलं की ट-ठ-ड-ढ लिहायला अनुवादक ठरावीक गटातली अक्षरं वापरतात. चहा त्याच गटातला. आणि 'मंडल' हा शब्द चिनीत तीन अक्षरांत लिहितात, त्यातलं मधलं, 'ड'च्या जागेवरचं अक्षर कोणतं? आपलं १० रेघांचं कडू 'थू', ज्याचा तेव्हा 'ड'सारखाही एक उच्चार होता. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या अक्षराकडे बघत बसले होते. आपल्या 'मंडला'चा 'ड' चहाच्या जुन्या अक्षरात जपलेला!

पुढे उत्तरेत आणि कॅन्टनकडे 'ड'चा 'छ' झाला. चीनच्या आग्नेयेकडच्या फूज्येन किनाऱ्यावरच्या मिन बोली त्याआधीच वेगळ्या फुटल्या होत्या. तिथे चहा 'ते' राहिला. डच व्यापाऱ्यांनी 'ते' उचलला, त्यातून इंग्रजीतला 'टी' आला. मकावच्या पोर्तुगीजांनी 'चा' घेतला, खुष्कीच्या वाटेने फारसीत 'चाय' गेला. आपला चहा या 'च'च्या घराण्यातला.

याच अक्षरावर जपानी आणि चिनी लोकांचा एक आकड्यांचा खेळही आहे. गवताच्या चिन्हात चिनी 'दहा' हा आकडा दोनदा दिसतो, म्हणजे २०; खालच्या रेघा फोडल्या की ८८ दिसतात, बेरीज १०८. म्हणून १०८व्या वाढदिवसाला ते 'चहाचं वय' म्हणतात. खेळ म्हणून छान आहे. पण आपल्याकडे १०८ दिसलं की जपमाळ आठवते आणि लगेच 'वैश्विक संकेत' सुरू होतो. रेघा फोडून हवा तो आकडा कुठल्याही अक्षरातून काढता येतो.

आज या अक्षराने चहाची पानं, चहाचं दुकान, चहाची किटली, सगळं लिहितात. आपण ज्याला काळा चहा म्हणतो तो चिनीत 'लाल चहा', आणि जपानीत 'चहाचा रंग' म्हणजे तपकिरी. जुनं १० रेघांचं अक्षरही मेलेलं नाही. 'आगीसारखं, थूसारखं' असा चिनी वाक्प्रचार आहे. एखादं काम धडाक्यात चालू असलं की वापरतात. मूळ वर्णन प्राचीन चीनमधल्या वू राज्याच्या सैन्याचं: लाल वेशातली तुकडी आगीसारखी, पांढऱ्या वेशातली थू गवताच्या पांढऱ्या तुऱ्यांसारखी. चिनी लोकही हा वाक्प्रचार लिहिताना हमखास ती एक आडवी रेघ विसरतात, आणि सैन्याच्या जागी चहा येऊन बसतो.