शेणाची जमीन, लाल कोबा, आयव्हरी टाइल : कोकणातल्या घरांच्या रंगांमागची गोष्ट

मे महिन्यात मुंबईची मंडळी गावाला आली की घराच्या दुरुस्तीचा विषय निघतो. पैशांचं ठरतं, गवंडी ठरतो आणि टाइल्सच्या रंगावर सगळं अडतं. आमच्याकडे गेले दोन मे तसेच गेले. काकांना आयव्हरी हवी, बारा महिने गावात राहणाऱ्या काकीला 'पाय उठणार नाहीत' असा रंग हवा. हा वाद एवढा का पेटतो, ते कोकणातली जमीन कसकशी बदलत गेली ते पाहिलं की कळतं.

'जमीन' हा शब्द मुद्दाम वापरतोय. आमच्याकडची जुनी माणसं टाइलला लादी म्हणतात आणि घरातल्या तळाला जमीनच म्हणतात. ती दर वर्षी 'करायची' असे. पावसाने खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, उखडलं की तांबडी माती आणायची, भिजवायची, चोपण्याने ठोकून घट्ट करायची आणि वरून शेणाने सारवायची. रंग निवडायचा प्रश्नच नव्हता, शेणाचा हिरवट तपकिरी तोच रंग. तरी बायकांनी त्यातही हौस शोधली होती. करवंटीचा कोळसा वाटून शेणात घातला की जमीन काळी व्हायची. पुढे घरोघरी बॅटऱ्या आल्यावर संपलेल्या सेलमधली काळी पूडही त्यात जाऊ लागली. गणपतीच्या आधी माझी आजी माजघर सारवायची. उजव्या हाताने अर्धगोल फेर मारत मागे मागे सरकायची आणि दाराशी पोचली की उठायची. सुकल्यावर ते फेर माशाच्या खवल्यांसारखे एकात एक दिसत.

बऱ्या स्थितीतल्या घरांत चुन्याचा कोबा, म्हणजे घोटून केलेली एकसंध जमीन असे. किनाऱ्यालगत शिंपले भाजून चुना करत. सिमेंट हाताशी आलं तसा लाल कोबा पसरला आणि माझ्या मते कोकणाला सगळ्यात शोभलेली जमीन हीच. खाली जाड थर, वर सिमेंटात लाल पूड कालवून पातळ थर, आणि तो ओला आहे तोवर थापीने घोटून घोटून गुळगुळीत करायचा. मध्ये थांबलं की जोड दिसतो, म्हणून एक खोली एका दमात उरकावी लागे. हौशी गवंडी ओल्या कोब्यावर सूत दाबून चौकोन पाडायचा, म्हणजे लांबून लाद्या घातल्यासारखं वाटे.

ती लाल पूड म्हणजे लोहाचा ऑक्साइड. आपला जांभा आणि आपली माती लाल आहेत त्याही लोहामुळेच. जांभ्याचं 'लॅटेराइट' हे शास्त्रीय नाव फ्रान्सिस बुकॅनन याने १८०७ मध्ये केरळातल्या दगडावरून ठेवलं. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. पावसाळ्यात खळ्यातून पडवीत येणारा पाय ज्या रंगाचा, त्याच रंगाची जमीन, म्हणून ती मळलेली दिसतच नसे.

नक्षीच्या लाद्या आधी आल्या त्या विलायतेतून. १८७२ मध्ये खुल्या झालेल्या, आज भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भायखळ्याच्या संग्रहालयात मिंटन या इंग्लिश कंपनीच्या लाद्या आहेत, त्या भट्टीत भाजलेल्या. १९२२ मध्ये फिरोजशा आणि रुस्तम सिधवा या काका-पुतण्यांनी स्वदेशीच्या ओढीने 'भारत टाइल्स' सुरू केली. तिच्या सिमेंटच्या लाद्यांना भट्टी लागत नाही. साच्यात रंग ओतायचे, दाबयंत्राखाली लादी दाबायची आणि पाण्यात मुरवायची. रंग मोजकेच : लाल, पिवळा, काळा, पांढरा, हिरवा. कोकणात अशा लाद्या मुंबईच्या पगारावर आल्या आणि पैसे पुरतील तेवढ्याच बसल्या. बहुतेक घरांत ओटीवर, कुठे देवघरात. आत कोबाच राही.

शहाबादी, कोटा, मोझॅक हे सगळं मधल्या काळात येऊन गेलं. रंगावरून भांडण व्हावं एवढी निवड त्यांनी दिली नाही.

ती दिली मोरबीने. गुजरातमधल्या या एका शहराच्या आसपास देशातल्या टाइल्सचा फार मोठा वाटा बनतो. सुमारे १२०० अंश सेल्सिअसला भाजलेली व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते, आणि डिजिटल छपाईमुळे तिच्यावर संगमरवरापासून सागवानापर्यंत काहीही उमटवता येतं. जमिनीचा रंग माती ठरवायची, तो आता कॅटलॉग ठरवू लागला. त्यातून आयव्हरीच का उचलली गेली? मुंबईतल्या लहान खोल्या फिक्या रंगाने मोठ्या दिसतात. चाकरमान्यांनी तिकडे दोन बाय दोन फुटांची आयव्हरी पाहिली आणि तीच गावाला आणली. याला मी चूक म्हणणार नाही. उतरत्या छपराच्या घरातलं माजघर भर दुपारी अंधारं असतं. तिथे फिकी टाइल बसली की उजेड दुप्पट झाल्यासारखा वाटतो, हे मी स्वतः पाहिलंय.

पडवीची गोष्ट वेगळी. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो तिथे टाइल पाणी पीत नाही, पण दोन टाइल्समधला सांधा पितो. सहा वर्षांपूर्वी 'सगळीकडे हीच जाते' असं दुकानदाराने सांगितलं म्हणून आम्ही पडवीत चकचकीत पांढरी टाइल घातली. पहिल्याच श्रावणात पांढऱ्या सिमेंटचे सांधे विटकरी झाले, ते आजतागायत तसेच आहेत. गणपतीत आरतीच्या गडबडीत ओल्या टाइलवर आई घसरली आणि मनगट मोडून बसली. तेव्हापासून रंगाआधी मी टाइलच्या पाठीवर नव्हे, पोटावर हात फिरवतो. खरखरीत लागली तरच पुढचं बोलणं.

आणखी एक गुंता वाटणीचा. आमच्या माजघराच्या मधोमध एक रेघ आहे. अलीकडे आमचा लाल कोबा, पलीकडे काकांनी नंतर घातलेली आयव्हरी. ती आता मिळत नाही. मिळाली तरी दुसऱ्या लॉटची छटा वेगळीच निघते, म्हणून जुळवायचं तर दोन्ही बाजू उखडाव्या लागणार.

यंदा तालुक्याच्या गावाहून तीन नमुने आणले : आयव्हरी, राखी आणि विटकरी, शेवटचे दोन खरखरीत. काकीने ते पडवीच्या पायरीवर मांडले, तांब्याभर पाणी ओतलं, खळ्यात उभं राहून पाय मातीत बुडवला आणि तिन्हींवरून चालत गेली. माजघरासाठी राखी ठरली. काका थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, पडवीला विटकरीच घेऊ.