चरबी वितळते म्हणजे होतं काय, थोडी जुनी गोष्ट

सिद्धेश्वर तलावाकडनं सकाळचा वॉक करून येताना आमचे एक काका हमखास विचारतात, "काय ओ, एवढा घाम गेला, चरबी किती गेली असंल?" घामाचा आणि चरबीचा तसा संबंध नाही, सोलापूरच्या उन्हात नुसतं बसलं तरी घाम येतोच. पण जिममधली पोरं फॅट बर्नरचा जो डबा दाखवतात त्यावर लिपोलायसिस, म्हणजे चरबी तुटणं, असं मोठ्ठं छापलेलं असतं, तो शब्द खरा आहे, त्यामागं बराच इतिहास आहे.

१९०१ च्या आसपास जोकिची ताकामिने यांनी ॲड्रेनलिन हे हॉर्मोन शुद्ध स्वरूपात काढलं, पण चरबीशी त्याचं नातं नीट कळायला अर्धं शतक गेलं. १९५६ साली व्हिन्सेंट डोल यांनी रक्तातली सुटी फॅटी ॲसिड, म्हणजे चरबी तुटून सुटलेले तुकडे, मोजली, तर ग्लुकोज किंवा इन्सुलिन दिलं की ती खाली आणि ॲड्रेनलिन दिलं की वर. म्हणजे चरबी हे नुसतं पडून असलेलं गोडाऊन नाही, हॉर्मोनच्या हुकमानं तिथनं माल सुटतो. हॉर्मोन पेशीच्या बाहेरच थांबतं आणि आतला निरोप सायक्लिक एएमपी नावाचा छोटा रेणू नेतो, हे अर्ल सदरलँड यांनी लिव्हरवर काम करताना दाखवलं, १९७१ चं नोबेल त्यालाच. मला सगळ्यात आवडतो तो मार्टिन रॉडबेल यांचा १९६४ चा प्रयोग, उंदराची चरबी एका एन्झाइममध्ये घालून हलवली की पेशी सुट्या होऊन वर तरंगतात, रश्श्यावर तवंग येतो ना तशा, मग त्यांच्यावर थेट हॉर्मोन टाकून बघायचं.

याच काळात हॉर्मोन सेन्सिटिव्ह लायपेज हे चरबी तोडणारं एन्झाइम सापडलं आणि पुढं चाळीसेक वर्षं सगळं श्रेय त्यालाच. सायक्लिक एएमपी वाढलं की ते जागं होतं, इन्सुलिन आलं की सायक्लिक एएमपी मोडतं आणि काम थंड, झालं, विषय संपला असंच वाटत होतं. पण २००० साली ते एन्झाइमच नसलेले उंदीर तयार केले, चरबी तुटायची थांबून ते लठ्ठ व्हायला हवे होते, तर झालेच नाहीत! वर त्यांच्या पेशीत डायग्लिसराइड (दोन फॅटी ॲसिड उरलेली अर्धवट तुटलेली चरबी) साचत होतं, म्हणजे ट्रायग्लिसराइडचं (तीन फॅटी ॲसिडवाल्या अख्ख्या चरबीचं) पहिलं फॅटी ॲसिड दुसरंच कोणीतरी तोडत होतं. ते म्हणजे एटीजीएल नावाचं दुसरं एन्झाइम, २००४ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझला रुडॉल्फ झेखनर यांच्या टीमनं पकडलं.

आता डब्यावर जे छापत नाहीत ते, सुटलेलं फॅटी ॲसिड स्नायूंनी जाळलं नाही तर त्याची परत चरबीच होते. नुसतं तुटून उपयोग नाही.

हे सगळं काकांना सांगितलं, एकादशीला साबुदाणा खिचडी चापली की इन्सुलिन चढतं आणि तोडणं बंद पडतं हेही. ते जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "बरं, शेंगा तर चालतंय न्हवं?"